चौकातल्या साहेबाचा कोट कोणी घालावा

मी, खाली सही करणार, धंद्याने कुलूपवाला, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी शुद्ध जाग्यावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसे लिहूनही दिले आहे. नजर कमी झाली असली तरी किल्लीचे दात मला अजून बोटाने वाचता येतात. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला जे येऊन गेले त्यांचा उल्लेख योग्य जागी येईल. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी तसा काढून दाखवला तर तो माझा नव्हे, असे समजावे.

कलम एक. दुकानावरच्या दोन खोल्या, त्यांतले सामानसुमान आणि बँकेत माझ्या नावावर जे काही उरले असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. ती दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळात असते. आत शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वेळोवेळी येऊन आतली हकिगत सांगणे, हे तिचे काम. खोल्या तिने ठेवाव्यात की विकाव्यात, हे तिचे ती पाहील. मागच्या गॅलरीचा दरवाजा ओल धरली की फुगतो. तो नुसता ओढू नये, आधी वर उचलावा, मग ओढावा. विकत घेणाऱ्याला हे सांगून ठेवावे. नाहीतर चार दिवसांत बिजागरी निखळेल आणि एवढा मोठा कुलूपवाला, पण स्वतःचे दार धड नव्हते, म्हणून नाव माझे जाईल.

कलम दोन. दुकान भाड्याचे आहे, तेव्हा ते मला देता येत नाही. मालकाशी बोलणे झाले आहे. भाडेपट्टा माझ्या कारागिराच्या नावावर करायला ते तयार आहेत. कारागीर डाव्या हाताचा असल्यामुळे त्याला सगळे डावरा म्हणतात. कानशी, पकडी, जुनी कुलपे आणि किल्ल्या कापायचे यंत्र त्यालाच द्यावे. यंत्राचा दांडा मी त्याच्यासाठी केव्हाच उलटा बसवून घेतला आहे, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाच्या कामाचे राहिलेले नाही. लोक करायला टाकून विसरले अशा किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. त्या त्याने वर्षभर ठेवाव्यात आणि मग वितळवून टाकाव्यात. कोणती किल्ली कोणत्या दाराची हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच वितळवाव्यात.

कलम तीन. न्हाव्याबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो. स्मरणदिनाच्या आदल्या आठवड्यात तो माझी दाढी करत नसे. "या आठवड्यात तुम्ही साहेब, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक," असे भर दुकानात म्हणायचा. लोक हसायचे. तो चेष्टा करत होता हे मला कळत होते, पण गालाला साबण मात्र त्याने कधी लावला नाही.

कलम चार. कोट. हा भाग लांबणार आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

शहराबाहेरच्या कोणाच्या हाती हा कागद पडला तर त्यालाही कळावे, म्हणून मुळापासून लिहितो. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात आमचे शहर शत्रूच्या ताब्यात होते. एके दिवशी भिंतींवर कागद लागले की सगळ्या धडधाकट पुरुषांनी सकाळी मोठ्या चौकात जमावे. लोक जमले. त्यांचा अधिकारी नगरपालिकेच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने काहीतरी हुकूम वाचला. मग शिपायांनी पुढे उभे असलेल्या माणसांना मालमोटारींत चढवले आणि नेले. त्यांतला एकही परत आला नाही. माझा बाप त्यांत होता. मी काही महिन्यांचा होतो. आम्ही तेव्हा नदीपलीकडे राहत असू, आणि आई मला घेऊन घरी होती. चौकात काय झाले ते तिने पाहिले नव्हते. लोकांनी सांगितले तेवढेच तिला माहीत.

लढाई संपल्यावर शहराने स्मरण समिती नेमली. समितीने आठवणी गोळा केल्या, आणि दरवर्षी त्याच दिवशी चौकात तो प्रसंग उभा करायची रीत पडली. जुन्या कपड्यांतली माणसे जमतात, पायरीवरून साहेब ओरडतो, ठरलेली माणसे मालमोटारीत चढतात, आणि मग नेलेल्यांची नावे वाचली जातात. शहराची माणसे व्हायला गर्दी असे. साहेब व्हायला कोणी तयार नसे. मी तिशीत असताना समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, म्हणजे आता अध्यक्ष असलेल्या औषधवाल्यांचे वडील, माझ्या दुकानात आले.

"तुझी उंची आहे, आवाज आहे," ते म्हणाले. "आणि तुझा बाप नेलाय त्यांनी. तुझ्यावर कोण बोट ठेवणार?"

बोट कोणी ठेवले नाही, हे खरे. खुर्ची मात्र सरकवली. कार्यक्रमानंतर चहाच्या दुकानात माझ्या शेजारची जागा दिवसभर रिकामी राहायची. मुलीला शाळेत 'साहेबाची पोर' म्हणत. ती मोठी होऊन परगावी नोकरीला गेली, तेव्हा कारण पगाराचे सांगितले. मी ते मानले. कोट माझ्या बायकोने घोंगडीसारख्या जाड कापडाचा शिवला होता. समितीने त्याला एक बटणही दिलेले नाही, म्हणून तो समितीचा नसून माझा आहे, आणि म्हणूनच तो इथे येतो. बायको म्हणायची, "मी शिवला असला तरी घरात आणायचा नाही. दाराबाहेर काढून ठेवायचा, मग आत यायचं." ती गेल्यावरही मी तो जिन्यातच काढत आलो.

माझी आई कधीच चौकात आली नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यासाठी समिती पहिल्या रांगेत खुर्च्या मांडते. तिची खुर्ची रिकामी असायची. ती बापावर रागावलेली होती, आणि तो राग तिने मरेपर्यंत जपला. बाप बॉयलरच्या कारखान्यात लोखंडी पत्र्यांवर हातोड्याने रिबिटा मारायचा. त्या आवाजाने त्याचे कान गेले होते. चार माणसे बोलत असली की तो मध्ये घुसून बोलणाऱ्याच्या तोंडाशी कान नेई. आईला त्याची लाज वाटायची.

"जिथे तिथे पुढे पुढे करायची सवय," ती म्हणायची. "साहेब असा ओरडत होता की बहिऱ्यालासुद्धा ऐकू जावं, असं सगळे सांगतात. मग यालाच पुढे जायचं काय नडलं होतं? मागे राहिलेली सगळी माणसं जेवायला घरी आली. हात दाखवून अवलक्षण केलं यानं, आणि भोगलं मी."

समितीच्या छापील आठवणींतही साहेब गरजला असेच आहे. मी तसाच गरजत असे. आम्ही नंतर चौकाजवळ राहायला आलो, तेव्हा माझा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. म्हणजे तिच्या म्हणण्याला दरवर्षी मीच दुजोरा देत होतो.

दोन वर्षांपूर्वी, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एक वयस्क बाई दुकानात आल्या. आपली भाषा त्यांना येत होती, पण शिकून आलेली, जपून पाऊल टाकावे तशी. हातातली छत्री त्यांनी बाहेर ठेवू की आत, हे दोनदा विचारले. डावरा यंत्रावर होता. त्याला मी यंत्र बंद करायला सांगितले.

"काल पायरीवर तुम्ही होतात," त्या म्हणाल्या. "ते माझे वडील होते. म्हणजे, तुम्ही ज्यांचं काम करता ते."

मी स्टूल पुढे केले.

"मी त्यांची बाजू घ्यायला आले नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी केलं ते केलं. ते गेल्यावर त्यांच्या कागदांत या शहराचं नाव दिसलं, तेव्हा मला कळलं. फक्त एक सांगायचं होतं. ते ओरडत नसत."

"म्हणजे?"

"त्यांना मोठ्यानं बोलताच येत नव्हतं. लहानपणी गळ्याला काहीतरी झालं होतं. ते बोलायला लागले की आम्ही भावंडं चमचे खाली ठेवायचो. नाहीतर ऐकू येत नसे. तुम्ही इतकं ओरडता, मला वाटलं हा दुसराच कोणी असेल. असता तर बरं झालं असतं."

एवढे सांगून त्या गेल्या. डावरा म्हणाला, "बापाला वाचवायला बघतेय." मलाही तसेच वाटले. पण बापाला वाचवायला आलेले माणूस तो हळू बोलायचा एवढेच सांगून उठत नाही.

कोटाला दरवर्षी इस्त्री होते ती समोरच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या ताईंकडे. त्या माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठ्या. तो सगळा व्यवसाय आता त्यांची सून पाहते, पण कोटाला ताई दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मी कोट न्यायला गेलो तेव्हा सहज बोलावे तसे त्या बाईंचे सांगितले. ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"खरं सांगते ती," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथे होते. पायरीच्या खालीच. शर्टांचं बोचकं घेऊन."

मग त्यांनी सांगितले. त्यांची आई त्या अधिकाऱ्यांचे कपडे धुवायची. पोटासाठी धुवायची, पण शत्रूचे कपडे धुतले हे लढाईनंतर कोण ऐकून घेणार? म्हणून त्या घराने तोंड मिटले ते मिटलेच. ताई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या आणि इस्त्री केलेले शर्ट पोचवायला आल्या होत्या. शिपायाने त्यांना पायरीच्या कडेला थांबवले होते.

"त्यानं कागद काढला आणि वाचायला लागला. तोंडातल्या तोंडात. कुणाला काही ऐकू येईना. मागचे म्हणायला लागले, काय म्हणतोय, काय म्हणतोय. मग लोक पुढे यायला लागले. ज्यांना नीट ऐकायचं होतं ते पुढे आले. आणि पुढे आले त्यांनाच नेलं."

"माझा बाप—"

"उंच, कानामागे हात धरलेला. तो तर पार पायरीपाशी आला होता. माझ्या बोचक्याला त्याचा गुडघा लागला. त्यानं वाकून मला विचारलं, 'बाळ, काय म्हणाला गं तो?'"

मी कोट घेतला आणि घरी आलो.

मागाहून विचार केला तेव्हा समितीच्या आठवणींचेही कोडे राहिले नाही. आठवणी लिहून दिल्या त्या परत आलेल्यांनी, म्हणजे मागे उभे असलेल्यांनी. त्यांना काही ऐकूच आले नव्हते. हुकूम झाला, माणसे गेली, तर साहेब ओरडला असणारच, असे त्यांनी धरले. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. कोणीही तसेच धरले असते.

आई हे कळण्याच्या बारा वर्षे आधी गेली. त्या बाबतीत आता काही तजवीज करता येत नाही, म्हणून त्याचे कलम केलेले नाही.

गेल्या वर्षी मी पायरीवर उभा राहिलो आणि हळू वाचायला लागलो. समितीला आधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर बैठक भरली असती आणि घोडे तिथेच पेंड खात बसले असते. मागून कोणीतरी ओरडले, "आवाज! आवाज!" मी तसाच वाचत राहिलो. इतकी वर्षे मी त्या पायरीवरून लोकांना मागे सरकताना पाहिले होते; ओरडणाऱ्यापासून माणूस मागेच सरकतो. या वेळी माणसे पुढे आली. आधी दोन-चार, मग सगळीच. माना पुढे, कोणाचा हात कानाशी, एका म्हाताऱ्याने दुसऱ्याचा खांदा धरलेला. कोणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सांगितलेले नीट ऐकून घ्यावे, आपल्याकडून चूक व्हायला नको, एवढीच काळजी दिसत होती. औषधवालेही गर्दी सारत अगदी पुढे आले आणि हाताने 'मोठ्याने, मोठ्याने' अशी खूण करू लागले.

पुढचे वाक्य होते, 'समोर उभे आहेत त्यांनी गाडीत चढावे.' ते माझ्या तोंडून निघेना. मला त्या लोकांना मागे व्हा म्हणावेसे वाटत होते, पण ते त्या दिवशी कोणी म्हणाले नव्हते. मी वाक्य म्हटले. जुन्या कपड्यांतली ठरलेली माणसे मागेच अडकून पडली होती. समोर होती ती नुसती पाहायला आलेली माणसे. शिपाई झालेल्या मुलांना ते कळले नाही. त्यांनी समोरच्यांना हात धरून चढवले, आणि ती एकमेकांकडे पाहत चढली. औषधवालेही चढले. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी फळीला हात धरून मागे चौकाकडे पाहिले, हे मी पायरीवरून पाहिले आहे. त्यांच्याशी माझा वाद असला तरी एवढे इथे नोंदवून ठेवतो.

वाद असा. आठ दिवसांनी ते दुकानात आले. "माणसं लांबून येतात," ते म्हणाले. "मागच्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी माझ्या पुतण्याला उभा करू. त्याचा आवाज चौकाच्या पार जातो."

"तो जातो म्हणूनच नको."

"वडिलांनी घरोघर फिरून त्या आठवणी जमवल्या. त्या खोट्या म्हणायच्या?"

"खोट्या नाहीत. मागच्यांच्या आहेत."

त्यांनी समोरचे एक कुलूप उचलून परत ठेवले. मग म्हणाले, "गाडीत मला वाटलं, कुणीतरी थांबवील." आणि उठून गेले. त्यानंतर ते पुतण्यासाठी आणखी दोनदा येऊन गेले. मी वर म्हटले ते भरीस घालणारे हेच.

मी हळू वाचले त्या दिवशी मुलगी आली होती. मी बोलावले होते, कारण आजोबांबद्दल तिला कळावे असे वाटले. रात्रीचे जेवण झाल्यावर ताटे विसळताना ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी कोट मी घालते."

"तुला? तुला तर त्या कोटानं घरातनं घालवलं."

"मला तुमच्या ओरडण्यानं घालवलं. दुसऱ्या दिवशी तुमचा घसा बसायचा. तेवढाच एक दिवस तुम्ही घरात हळू बोलायचात. मी त्या दिवसाची वाट बघायची."

"लोक शेजारी बसणार नाहीत."

"मग उभी राहीन." नळ बंद करून ती म्हणाली, "मी रोज त्या दारातनं बाहेर येते ना, बाबा, तेव्हा बाकावरची सगळी माणसं उठून पुढे येतात. वाईट बातमी असली तरी पुढे येतात. हळूच बोलावं लागतं तिथे. ते चेहरे तुम्ही आज पाहिलेत. मी रोज बघते."

मी तेव्हा 'मी असेपर्यंत नाही' म्हणालो. आता मी नसताना हा कागद वाचला जाईल, तेव्हा तो नकार आपोआप सुटतो. तरी कोट पुढील अटींवरच द्यावा.

माझ्यानंतरच्या पहिल्या स्मरणदिनी तो माझ्या मुलीने घालावा. बाह्या आखूड कराव्या लागतील. साहेब बाई कशी, असे कोणी म्हटले, तर कुलूपवाला कसा चालला, असे विचारावे. त्यानंतर दरवर्षी वेगळ्या घराने घालावा. ज्यांची माणसे पुढे उभी होती त्यांनी, आणि ज्यांची मागे होती त्यांनीही. एकाच माणसाने दुसऱ्यांदा घालू नये. मी चाळीसहून अधिक वर्षे घातला, ते एका माणसाला फार झाले. पायरीवर कर्णा किंवा माइक लावू नये. हुकूम हळू वाचावा आणि लोक पुढे येईपर्यंत थांबावे. नावे वाचताना मात्र माइक लावावा, ती शेवटच्या माणसाला ऐकू गेली पाहिजेत. कार्यक्रम झाल्यावर साहेब झालेल्याने कोट काढून पहिल्या रांगेत बसावे, आणि शेजारच्याने उठू नये. ती परदेशी बाई पुन्हा आली तर तिला खुर्ची द्यावी. पहिल्या रांगेत नको, तीही तिथे बसणार नाही. पण तिला उभी ठेवू नये.

समितीला या अटी मान्य नसतील तर तिला कोट देऊ नये. डावऱ्याने तो उसवून यंत्रावर झाकण करावे. कापड चांगले आहे.

कलम पाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी औषधवाल्यांनी करावी. त्यांना यातले निम्मे पटणार नाही. पण ते शब्दाला जागणारे आहेत, आणि न पटलेले कामही नीट करणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. त्यांनी काल होकार दिला आहे. पुतण्याला काय सांगायचे ते त्यांचे ते पाहतील.

कलम सहा. माझ्या मागे भाषणे नकोत. दुकान एक दिवस बंद ठेवावे, दोन दिवस ठेवू नये. कुलूप अडकून दाराबाहेर उभे राहिलेल्या माणसाला कोण गेले याच्याशी देणेघेणे नसते.

येणेप्रमाणे लिहून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: माझे दुकान, दर्शनी दार उघडे ठेवून.
दिनांक: सात फेब्रुवारी, सकाळ.

सही: कुलूपवाला

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. लिहिणारा शुद्धीवर असल्याचे त्यांनी तपासले आहे. सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: इस्त्रीवाल्या ताई. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेता येत नाही, म्हणून त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं." मग पेन हातात घेऊन कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. सही येत नसेल असे वाटून डॉक्टरीणबाईंनी शाईची डबी पुढे केली. ताईंनी ती बाजूला सारली. "सही येते मला," त्या म्हणाल्या. "साक्ष द्यायला मात्र आजवर कुणी बोलावलं नव्हतं." आणि त्यांनी पूर्ण नावाने सही केली.